पोरांची मोजदाद, थोरांची मोजपट्टी

आमच्या सीमाभागात दोन गोष्टी दरवर्षी न चुकता होतात. एक नोव्हेंबरचा काळा दिवस, आणि 'नवी पिढी बिघडली' या विषयावरचे एक तरी व्याख्यान. पहिल्याबद्दल या अंकात दुसरे लोक लिहितील. दुसऱ्याबद्दल मला बोलायचे आहे. तीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले, आणि त्या व्याख्यानांत ज्या रीतीने आकडे फेकले जातात ती पाहून आता गप्प बसवत नाही.

वक्ता कधी निवृत्त अधिकारी असतो, कधी प्राचार्य, कधी स्थानिक पत्राचा संपादक. विषय तोच, क्रम तोच. आधी संस्कारांची आठवण, मग मोबाईलच्या नावाने खडे, आणि शेवटी हुकमी पान: "बालगुन्हेगारी इतक्या टक्क्यांनी वाढली!" सभागृहात हळहळ होते, टाळ्याही होतात. हे टक्के कशाचे, कोणी मोजले, कसे मोजले, हे विचारायला कोणी उठत नाही. बाजारात अर्धा किलो कोथिंबीर घेताना आपण तराजूचा काटा पाहतो. लाखो मुलांवर ठपका ठेवताना मात्र तराजू कोणाचा हेही विचारत नाही.

माझे म्हणणे पहिल्यालाच सांगून टाकतो. आपल्या देशात बालगुन्हेगारीचा म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो मुलांच्या वागण्याचा आकडा नाही. तो पोलीस ठाण्याच्या कामाचा आकडा आहे. ठाण्याचे काम मोजायला तो उपयोगी आहे. त्याच्यावरून मुलांची पिढी चढली की घसरली हे सांगणे म्हणजे दवाखान्यातल्या केसपेपरांवरून गावात किती लोक आजारी आहेत हे सांगण्यासारखे आहे. दवाखाना लांब असला तर केसपेपर कमी, फुकट असला तर जास्त. ताप तेवढाच.

हा आकडा येतो राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालातून. एखाद्या मुलावर ठाण्यात एफआयआर दाखल झाला की तो त्यात येतो. पुढे बाल न्याय मंडळाने त्याला निर्दोष सोडले तरी नोंदलेल्या प्रकरणांची संख्या कमी होत नाही. एकाच एफआयआरमध्ये चार कलमे असली तर त्यातले सर्वांत गंभीर तेवढे मोजतात. इथपर्यंत ठीक आहे, नोंदीच्या प्रत्येक पद्धतीला काही नियम लागतातच. पण खरी मेख पुढे आहे. चोरी झाली, चोर सापडला नाही, तर त्याचे वय काय होते हे कोणाला कळणार? गुन्हेगार अल्पवयीन होता हे तो सापडल्यावरच कळते. म्हणजे बालगुन्ह्याच्या रकान्यात जे येतात ते फक्त सापडलेले. आणि पोरे सापडतात लवकर. ती घोळक्याने जातात, दिवसाउजेडी जातात, पळायला त्यांच्याकडे गाडी नसते, आणि दोन थपडांत सगळे ओकून टाकतात. मुरलेला माणूस सापडत नाही, म्हणून तो कोणत्याच रकान्यात बसत नाही.

ही अडचण आजची नाही. देशभरातल्या गुन्ह्यांचे तक्ते पहिल्यांदा १८२७ मध्ये फ्रान्सने छापले. त्यांवर बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ केतले याने काम केले. वयाप्रमाणे गुन्ह्यांचे प्रमाण कसे चढते आणि उतरते, हे त्याने १८३१ मध्ये दाखवले. पण त्याच माणसाने हेही लिहून ठेवले की आपल्याला माहीत असलेले गुन्हे हा एकूण गुन्ह्यांचा एक भाग आहे, आणि हा भाग दरवर्षी सारख्याच प्रमाणात राहतो असे मानले तरच तुलना करता येते. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला ही अट ठाऊक होती. आमच्या वक्त्यांना नाही.

ही अट मोडली की काय होते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. भारतीय दंड संहितेखाली मुलांविरुद्ध नोंदलेले गुन्हे २००० साली ९,२६७ होते. २००१ साली १६,५०९. एका वर्षात अठ्ठ्याहत्तर टक्के वाढ! एकूण गुन्ह्यांतला मुलांचा वाटा ०.५ टक्क्यावरून ०.९ टक्क्यावर. आता ३१ डिसेंबरच्या रात्री या देशातल्या पोरांना काय झाले? काहीही झाले नाही. १९८६ च्या कायद्यात मुलगा म्हणजे सोळा वर्षांखालचा, आणि मुलगी अठराखालची. २००० च्या नव्या कायद्याने दोघांची मर्यादा अठरा केली आणि तो १ एप्रिल २००१ पासून लागू झाला. सोळा-सतरा वर्षांचे जे मुलगे काल प्रौढांच्या रकान्यात होते, ते आज मुलांच्या रकान्यात आले. रकान्याची रेघ सरकली. तरीही '२००० पासून बालगुन्हेगारी कशी भडकली' हे सांगताना हीच उडी अजून वापरली जाते. माझ्या वर्गात एखाद्याने अशी तुलना केली असती तर मी त्याची वही परत केली असती.

आता छेदाकडे या. शाळेत शिकवतात की अपूर्णांकात वर अंश आणि खाली छेद. व्याख्यानात सगळे अंशाबद्दल बोलतात, छेद कोणी पाहत नाही. २०१२ च्या अहवालात बालगुन्ह्यांचा दर लाखामागे २.३ होता. २०२२ च्या अहवालात तो ६.९ आहे. दहा वर्षांत तिप्पट! पण २०१२ चा दर देशाच्या एकूण लोकसंख्येच्या लाखामागे काढलेला होता आणि आताचा काढतात तो मुलांच्या लोकसंख्येच्या लाखामागे. छेद बदलला म्हणून भागाकार बदलला. त्यातही, हा मुलांचा छेद सुमारे ४४ कोटींचा आहे आणि त्यात पाळण्यातली बाळेसुद्धा आहेत, ज्यांना कायदा गुन्हेगार मानूच शकत नाही. सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य आपल्या कायद्याने गुन्हाच नव्हे. उलट, पकडलेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास सोळा ते अठरा या वयातले असतात. खरा दर काढायचा तर त्या दोन वर्षांच्या मुलांचा वेगळा छेद हवा. त्यासाठी ताजी जनगणना हवी, आणि २०२१ ची जनगणना तर त्या साली झालीच नाही. २०११ च्या शिरगणतीवर अंदाज बांधून आपण २०२२ च्या पोरांचा हिशेब करतो.

कोणी म्हणेल, दर सोडा, नुसती संख्या घ्या. घेऊ. २०१६ मध्ये देशात मुलांविरुद्ध ३५,८४९ प्रकरणे नोंदली गेली, २०२१ मध्ये ३१,१७० आणि २०२२ मध्ये ३०,५५५. सहा वर्षांत जवळजवळ पंधरा टक्के घट. ही घट आमच्या व्यासपीठांवर कधी ऐकली आहे? नाही. पण मी वकिली करायला बसलेलो नाही, म्हणून हेही सांगतो की या घटीवरून पोरे सुधारली असे म्हणायलाही आधार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्राचे आदर्श नियम आले. त्यांतला आठवा नियम सांगतो की गुन्हा अतिगंभीर असेल, किंवा प्रौढांसोबत मिळून केलेला असेल, तरच मुलावर एफआयआर नोंदवावा. बाकी प्रकरणी स्टेशन डायरीत नोंद करून मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करावा. म्हणजे बघा, जे ठाणे हा नियम नीट पाळेल त्याचा आकडा कमी दिसणार आणि जे पाळणार नाही त्याचा जास्त. नियम पाळण्याचे प्रमाण आणि मुलांचे वागणे या दोन गोष्टी एकाच आकड्यात अशा गुंतल्या आहेत की त्या सोडवता येत नाहीत.

सीमेवरच्या माणसाला हे जास्त कळायला हवे. अहवालात महाराष्ट्र वर्षानुवर्षे पहिल्या एक-दोन राज्यांत असतो आणि कर्नाटकाचा आकडा त्याच्यापेक्षा कितीतरी लहान. यावरून आमच्याकडचे काही कन्नड मित्र म्हणतात, बघा, तुमच्या महाराष्ट्रातली पोरे! आणि आपले काही मराठी बांधव उत्तर देतात, तुमचे पोलीस नोंदतच नाहीत! दोघेही एकाच चुकीच्या पट्टीने भांडतात. निपाणीची मावशी आणि कागलची आत्या यांची पोरे एकाच जत्रेत हिंडतात, एकाच थेटरात बसतात. मधली रेघ ओलांडली की त्यांच्या स्वभावात फरक पडत नाही, ठाण्याच्या वहीत पडतो. १९५६ पर्यंत तर बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीही मुंबई राज्यातच होती.

मग मुलांचे वागणे मोजायचेच नाही का? मोजायचे. त्याला पद्धती आहेत आणि त्या जुन्या आहेत. सर्वांत साधी म्हणजे नाव न विचारता मुलांनाच विचारायचे. अमेरिकेत टेक्सासमध्ये ऑस्टिन पोर्टरफिल्ड या प्राध्यापकाने १९४० च्या दशकात बालन्यायालयात आलेल्या मुलांच्या गुन्ह्यांची यादी केली आणि ती चांगल्या घरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे ठेवली. त्यातले काही ना काही प्रत्येकानेच केलेले होते. कोर्टात मात्र त्यांच्यातला क्वचितच कोणी गेला होता. १९४७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे सतराशे प्रौढांना असेच विचारले, तर शंभरातल्या एक्याण्णवांनी एखादा तरी गुन्हा केल्याचे कबूल केले. आता वाचकांनी स्वतःलाच विचारावे. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या गाडीतून उसाची कांडी कोणी ओढली नाही? दुसऱ्याच्या परड्यातले आंबे कोणी पाडले नाहीत? कायद्याच्या भाषेत ती चोरीच. आपल्यावर कोणी कलम लावले नाही, कारण परड्याचा मालक आपल्या वडिलांना ओळखत होता.

मुख्य मुद्दा इथे आहे. ज्याच्या वडिलांना कोणी ओळखत नाही, त्याची कांडी वहीत जाते. गुन्हे नोंदणी विभागाने २०१३ साली पकडलेल्या मुलांच्या घरचे उत्पन्न छापले होते. त्यातली सुमारे निम्मी वर्षाला पंचवीस हजारांच्या आत मिळकत असलेल्या घरांतली होती. यावरून गरिबांची मुले गुन्हे करतात असे लोक वाचतात. मी असे वाचतो की गरिबांची मुले पकडली जातात. दोन्ही वाचनांपैकी कोणते खरे, हे त्या तक्त्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठीच स्वयंकथनाची पाहणी लागते, आणि ती आपण करत नाही.

आणि आपल्या भागाला तर याचा इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांना आईबापांपासून तोडून वेगळे ठेवण्याची सोय केली. सोलापूर, विजापूर, हुबळी इथे या जमातींच्या वसाहती होत्या, म्हणजे आपल्या दाराशी. रोज हजेरी घेतल्याशिवाय माणसाला हलता येत नसे. ज्याच्यावर चोवीस तास डोळा, त्याच्या नावावर नोंदी जास्त; नोंदी जास्त म्हणून डोळा आणखी कडक. १९५२ मध्ये कायदा गेला. वही गेली, पण वाचायची सवय गेली नाही.

ही सवय काय करते ते मी जवळून पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याच शहरातल्या एका शाळेच्या समितीने ठराव आणला: अमुक एका वस्तीतून आठवीला येणाऱ्या मुलांनी पोलिसांचा चारित्र्य दाखला आणावा. आधार काय, तर त्या भागातल्या ठाण्यात गेल्या वर्षी मुलांची चार प्रकरणे होती, यंदा सात झाली. पंचाहत्तर टक्के वाढ. काही पालक मला बैठकीला घेऊन गेले. मी फळ्यावर लिहून दाखवले की चार आणि सात या संख्यांत टक्के काढणे हाच अपराध आहे. अशा लहान मोजणीचा आपसूक चढउतार तिच्या वर्गमुळाइतका असतो. चारचे वर्गमूळ दोन. यंदा दोन, पुढच्या वर्षी सहा, त्यापुढे तीन, हे काहीही न बिघडता होऊ शकते. शिवाय सात प्रकरणांपैकी तीन एकाच भांडणातली होती. हेही सांगितले की बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मुलाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायला पोलिसांना मनाई करते. समितीने शांतपणे ऐकले आणि ठराव मंजूर केला. भाजी विकणारी एक आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "सर, माझ्या पोराचं नाव त्या सातात न्हाई की. मग त्याला त्यात कशाला धरालासा वो?" संख्याशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात याहून नेमका प्रश्न मी वाचलेला नाही. गटाचा आकडा व्यक्तीच्या कपाळावर चिकटवता येत नाही, हेच ती सांगत होती. तिचा मुलगा त्या वर्षी शाळेत गेला नाही. गॅरेजमध्ये लागला.

यावर ठरलेला आक्षेप येतो: "म्हणजे गुन्हे होतच नाहीत? दिल्लीचे डिसेंबर २०१२ विसरलात?" विसरलो नाही. ज्या घरावर आघात होतो त्याला आकडेवारीने समाधान मिळत नाही आणि मिळूही नये. पण एका भयंकर घटनेवरून लाखो मुलांसाठी नियम करताना तरी आकडे खरे हवेत. २०१४ मध्ये केंद्रातल्या एका मंत्र्यांनी जाहीर सांगितले की लैंगिक गुन्ह्यांपैकी निम्मे सोळा वर्षांची मुले करतात. सरकारच्याच तक्त्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने बजावले की ही आकडेवारी एफआयआरची आहे, दोष सिद्ध झाल्याची नव्हे. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायदा मंजूर झाला, आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलांना अतिगंभीर गुन्ह्यांत प्रौढांसारखे खटल्याला उभे करायची वाट उघडली. कायदा बरोबर की चूक यावर मतभेद असू शकतात. तो ज्या आकड्याच्या खांद्यावर बसून आला तो आकडा खोटा होता, यावर मतभेदाला जागा नाही.

आकडा खरा असला तरी जपूनच वापरावा लागतो. मार्विन वुल्फगँग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया शहरात १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलग्यांची अठरा वर्षांपर्यंतची नोंद तपासली. १९७२ मध्ये ते पुस्तक आले. पस्तीस टक्के मुलांचा पोलिसांशी एकदा तरी संबंध आला होता. त्यातले ४६ टक्के एकदाच, पुन्हा कधी नाही. आणि ६२७ मुलांच्या, म्हणजे सुमारे सहा टक्क्यांच्या नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे होते. उत्तम अभ्यास. पण १९९५ च्या सुमारास जॉन डियुलियो या प्राध्यापकाने हेच सहा टक्के उचलले, येणाऱ्या मुलग्यांच्या संख्येला गुणले, आणि २०१० पर्यंत देशात दोन लाख सत्तर हजार 'महाहिंस्र' पोरे वाढतील असे भाकीत केले. गुणाकारात रांगणारी बाळेही होती. घबराटीत बहुतेक राज्यांनी मुलांवर प्रौढ न्यायालयात खटले चालवणे सोपे केले. प्रत्यक्षात अल्पवयीनांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका १९९४ नंतर उतरत गेल्या आणि २०१० पर्यंत निम्म्याहून खाली आल्या. २०१२ मध्ये त्या प्राध्यापकानेच, इतर अभ्यासकांसोबत, सर्वोच्च न्यायालयापुढच्या निवेदनावर सही करून भाकीत चुकल्याचे मान्य केले. तोवर हजारो मुले मोठ्यांच्या तुरुंगात गेली होती. गणित सुधारता येते, गेलेली वर्षे परत करता येत नाहीत.

मग करायचे काय? तीन गोष्टी सांगतो. तिन्ही आपल्या जिल्ह्यात, आपल्या खर्चात होण्यासारख्या आहेत. पहिली: कोणीही बालगुन्हेगारीचा टक्का सांगितला की उभे राहून विचारा, कोणत्या वयाची मुले, नोंद की दोषसिद्धी, छेद कोणता, आणि मूळ संख्या किती. चार प्रश्न. उत्तर नसेल तर टाळी नाही. दुसरी: आपल्या शिक्षक संघटनांनी आणि वाचनालयांनी मिळून आठवी ते बारावीच्या मुलांची निनावी पाहणी करावी, मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही माध्यमांत, एकाच प्रश्नपत्रिकेने, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा. काय केले एवढेच न विचारता त्यांच्यावर काय झाले हेही विचारावे, कारण ज्या मुलाला मारले-लुबाडले जाते त्याची नोंद तर कुठेच नसते. तिसरी: मुलांच्या सामाजिक पार्श्वभूमी अहवालात शाळा सोडल्याचे कारण विचारलेले असते. जिल्ह्यातल्या त्या कारणांची बेरीज, नावे वगळून, दरवर्षी प्रसिद्ध करावी अशी मागणी करा. घरी मराठी, दप्तरी कन्नड अशा मुलाचे म्हणणे कोणत्या भाषेत लिहिले गेले, हा रकानाही त्यात घाला. भाषेसाठी सत्तर वर्षे झगडणाऱ्या माणसांनी निदान एवढे तरी मागायला हवे.

आपण सीमावासीयांनी एक गोष्ट आयुष्यभर भोगली आहे. दूर बसलेल्या कोणीतरी टक्के काढले, रेघ मारली आणि आपल्याला विचारले नाही. अमुक गावात किती टक्के मराठी, कोणत्या शिरगणतीचे, छेद तालुक्याचा की खेड्याचा, यावर आपल्या तीन पिढ्या भांडल्या. चुकीच्या मोजणीने माणसाचे काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तीच मोजणी आपण आपल्याच शेजारच्या वस्तीतल्या पोरांवर चालवणार असू, तर आपल्या गाऱ्हाण्याला काय अर्थ उरला?